कुत्र्याला दात येईपर्यंत

मी, वत्सलाबाई भ्र. सुंदरराव गव्हाणे, वय एकाहत्तर, धंदा शेती व घर राखणे, राहणार खडकवाडी, तालुका केज, जिल्हा बीड, आज शुद्धीवर असताना, कोणी भरीस न घालता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी सातवी फायनल झालेली आहे, त्यामुळे अंगठ्याचा प्रश्न येत नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी मला आज वार कोणता, महिना कोणता असे विचारले. मी ते सांगितले आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर अजून एप्रिलवरच आहे हेही सांगितले. वकिलांनी नमुन्याचा छापील कागद दिला होता. त्यात कुत्र्यासाठी जागा नव्हती, म्हणून तो बाजूला ठेवला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याचा विचार नाही.

कलम १. माझे पती सुंदरराव दोन वर्षांपूर्वी वारले. आम्हाला दोन मुलगे. थोरला धर्मराज बीडला असतो. तो राजकारणात आहे, म्हणजे पांढरे कपडे घालून तिकिटाची वाट बघत असतो. धाकटा शहादेव अंबाजोगाईला कॉलेजात शिकवतो. दोघेही मला बाई म्हणतात. शेती सुंदररावांनी हयातीतच दोघांच्या नावे करून दिली. तिच्याबद्दल मला काही लिहायचे नाही, आणि लिहिण्यासारखे दोन वर्षांत तिथे काही उगवलेलेही नाही.

कलम २. खडकवाडीतील राहते घर, पुढची रस्त्याकडची खोली आणि मागचे अंगण धरून, माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. ते कसे, हे मुलांना ठाऊक नसावे म्हणून सांगते. सुंदरराव गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. संस्थेला दूध गोळा करायला जागा हवी होती, आणि त्यांना आमची पुढची खोली भाड्याने द्यायची होती. पण चेअरमनने आपलीच जागा आपल्याच संस्थेला दिली तर विरोधक बोंब मारणार. म्हणून त्यांनी अख्खे घर माझ्या नावे करायचे ठरवले. रजिस्ट्रीच्या दिवशी मला म्हणाले, "नुसती सही कर. नावापुरतंच हाय." मी सही केली. पुढे दुष्काळात लोकांनी जनावरे विकली आणि संस्था बंद पडली. भाडे गेले, सुंदररावही गेले, कागद तसाच राहिला. नावापुरते म्हणता म्हणता घर खरोखर माझे झाले. जन्मात त्यांनी मला दिलेली ही सर्वांत मोठी वस्तू आहे, आणि ती त्यांनी द्यायची म्हणून दिलेली नाही.

कलम ३. हे मृत्युपत्र करण्याचे कारण असे. सुंदररावांचे वर्षश्राद्ध उरकल्यावर दोघे भाऊ याच घरात बसले आणि त्यांनी मला वाटून घेतले. विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवतात तसे. सहा महिने शहादेवकडे, सहा महिने धर्मराजकडे, घराला कुलूप आणि चांगले गिऱ्हाईक आले की विक्री. भांडण अजिबात झाले नाही. इतक्या समजुतीने हे दोघे यापूर्वी बोललेले मला आठवत नाही.

मी म्हणाले, "मला इथंच ऱ्हाऊ द्या की."

धर्मराज म्हणाला, "एकटी कशी ऱ्हाशील, बाई? पडली-झडलीस तर? लोकं आमच्या तोंडात शेन घालतील."

लोकांचा मुद्दा खरा होता. पण इथे लिहून ठेवते की मला माझ्या घरात राहायचे होते आणि माझ्या घरातच मरायचे होते. अंबाजोगाईला दवाखाने मोठे आहेत हे मान्य. दवाखान्याजवळ मरण्याची मला हौस नाही. इथे मी दारात बसले की येणारा-जाणारा थांबतो, पाणी पितो, चार चुगल्या सांगतो. तिथे दार उघडले की समोर दुसऱ्याचे बंद दार असते.

कलम ४. कुत्रे. आमच्या शेजारच्या खोपटात छबुबाई आणि तिचा नवरा आसाराम राहतात. दरवर्षी दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतात. गेल्या वर्षी पाऊस झाला नाही, तेव्हा आसाराम बैल घेऊन चारा छावणीत राहिला होता. तिथे एक कुत्री व्याली. त्यातले एक पिल्लू त्याने घरी आणले. टोळी निघायच्या दिवशी मुकादमाने ट्रकात कुत्रे घेऊ दिले नाही. छबुबाई पदराखाली पिल्लू घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, पाडव्यापतुर संबाळा. लई गरीब हाय. कुनाला तरास देत न्हाई."

छबुबाई कधी खोटे बोलत नाही. ते त्या वेळी झोपलेले होते.

दिवाळीनंतर शहादेव मला न्यायला आला. मी म्हणाले, दुसऱ्याची ठेव आहे, टाकून येता येत नाही. तो जात्याच मऊ. म्हणाला, "आण बरं. एवढुसं तर हाय." असे आम्ही दोघे अंबाजोगाईला गेलो.

कलम ५. अंबाजोगाईला त्याचे दुधाचे दात पडून खरे दात यायला लागले. ज्यांनी कधी कुत्रे पाळले नाही त्यांच्यासाठी सांगते: हिरड्या शिवशिवतात आणि त्याला काहीतरी चावल्याशिवाय राहवत नाही. त्यात खोडी नसते. आधी शहादेवच्या टेबलाचा पाय, मग चपला, मग कपाटाचा कोपरा, मग नव्या सोफ्याचा हात. सूनबाईंनी टेबलाच्या पायाला मिरचीचा ठेचा लावला. तो ते चाटून शिंकला आणि आणखी मागू लागला. मराठवाड्याचे कुत्रे, त्याला ठेच्याने काय होणार? मग कडुलिंबाचा पाला वाटून लावला. घरातली सगळी माणसे तोंडे वाकडी करून फिरू लागली, हा मात्र निवांत. शहादेवने वर्तमानपत्राची सुरळी करून मारून बघितले. त्याने सुरळी खाल्ली.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. जुने सुती फडके ओले करून, गाठ मारून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे. तो लाकडाला तोंड लावताना दिसला की ओरडायचे नाही, लाकडापासून बाजूला घ्यायचे आणि ते गार फडके द्यायचे. हिरड्यांना बरे वाटते. बाहेर फिरवून दमवायचे. वाळलेली भाकरी द्यायची, पण बिब्बा-बिडी-बटण असले काही जमिनीवर ठेवायचे नाही. हा उपाय लागू पडला. गार फडके तोंडात धरून तो माझ्या पायाशी तासन्‌तास पडून राही. पडलेले दोन दात मला सतरंजीवर सापडले. धर्मराज-शहादेवचे दात पडायचे तेव्हा मी ते शेणाच्या गोळीत घालून घरावर टाकायची. अंबाजोगाईला शेणही विकत मिळेना आणि छप्परही आपले नाही. मी ते पदराच्या गाठीला बांधून ठेवले.

संक्रांतीला सूनबाईंच्या माहेरची माणसे वाणाला येणार होती. त्या दिवशी सगळ्यांना कामे होती. फडके बर्फात होते. मी ते काढले नाही. का काढले नाही, हे सांगायला मी आता हजर नाही.

पाहुणे बसले तेव्हा सोफ्यातला कापूस बाहेर लोंबत होता. सूनबाई वाईट नाही, ती मला काही बोलली नाही, आत जाऊन रडली. शहादेव मला म्हणाला, "बाई, थोडे दिवस गावाकडं ऱ्हातीस का? त्याला दात आले की मी लगीच न्यायला येतो." मी बरे म्हणाले. आधी कपिलधारला दर्शनाला जाऊ का, म्हणून त्याने विचारले. मी म्हणाले, सरळ घरी चल.

कलम ६. घरी मला पंधरवडाभरही सुखाने राहू दिले नाही. धाकट्याने ठेवले नाही तर थोरल्याने न्यावे, नाहीतर लोक काय म्हणतील, म्हणून धर्मराज आला. टेम्पोच घेऊन आला, कारण त्याला माझ्याबरोबर वडिलांची खुर्चीही न्यायची होती.

खुर्चीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. दूध संस्थेची खुर्ची पत्र्याची होती. सुंदररावांना ती शोभेना, म्हणून त्यांनी सागवानी, हातांवर नक्षी असलेली खुर्ची करवून घेतली. पुढे गावातले राधाकिशनराव विरोधी पॅनलमधून निवडून आले आणि चेअरमन झाले. त्या दिवशी सुंदरराव म्हणाले, "संस्था तुमची, खुर्ची माझी," आणि भर उन्हात ती खुर्ची डोक्यावर घेऊन घरी आले. राधाकिशनराव म्हणत की खुर्ची संस्थेच्या पैशातली आहे. यावरून दोन घरांचे येणे-जाणे, हळदी-कुंकू, मौतीला जाणेसुद्धा बंद झाले. खरे काय होते ते मला माहीत नाही. सुंदररावांना विचारले तर ते जेवणावरून उठायचे.

धर्मराजला ती खुर्ची बीडच्या बैठकीत ठेवायची होती. पुढाऱ्यांनी येऊन बघावे की हा कोणाचा मुलगा. पुढारी आलेही. धर्मराज खुर्चीत बसला, बोलता बोलता मागे रेलला, आणि मागचा उजवा पाय मोडून उताणा पडला. कुत्रे आठ दिवस त्याच पायाच्या मागे बसून काम करत होते, आणि भिंतीच्या बाजूला असल्याने ते कोणाला दिसले नव्हते. मलाही दिसले नव्हते, हे मी देवाच्या शपथेवर लिहिते. सोफ्याची गोष्ट वेगळी.

पुढारी हसले. ते हसले नसते तर बरे झाले असते. ते गेल्यावर धर्मराज मला म्हणाला, "बाई, आता एक तर हे कुत्रं ऱ्हाईल, न्हाईतर..." पुढचे तो बोलला नाही. त्याला बोलावे लागू नये म्हणून मीच टेम्पो बोलवायला सांगितला. धर्मराजचे नाव माझ्या सासूने ठेवले होते. त्या नावाचा राजा कुत्र्याला सोडून स्वर्गातही गेला नाही, आणि आमच्या धर्मराजने त्याला गॅलरीतही राहू दिले नाही. पण टेम्पोत मला बसवताना त्याने माझ्या पायावर शाल टाकली आणि म्हणाला, "दात आले की फोन कर. मी येतो." हेही लिहून ठेवते, कारण तेही खरे आहे. मी, कुत्रे आणि तीन पायांची खुर्ची एकाच टेम्पोतून गावात आलो.

मी त्या दिवशी रडले. दोन मुलांच्या दोन घरांतून लाकडासामानापायी परत आले याचे मला वाईट वाटले. मग चूल पेटवली, दार उघडे टाकले, आणि लक्षात आले की मला जे पाहिजे होते ते मिळाले आहे.

कलम ७. दुसऱ्या दिवशी राधाकिशनराव आले. खुर्ची मोडल्याचे गावभर झाले होते आणि त्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. इतक्या वर्षांनी पायरी चढले. कुत्रे मोडक्या खुर्चीवर पडून दुसरा पाय चावत होते. राधाकिशनराव बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "सुंदररावाला न्हाई जमलं, मला न्हाई जमलं. ह्योच खरा चेरमन."

तेच नाव पडले. गावात त्याला चेरमन म्हणतात. धर्मराजला ते आवडत नाही. राधाकिशनराव तेव्हापासून रोज सकाळी पेपर वाचायला येतात. खुर्ची कोणाच्या पैशातली, हा विषय आम्ही काढत नाही.

कलम ८. आता वाटणी.

(अ) लाकडी सामान. माझ्या दोन्ही मुलांना लाकडासामानाची माया आईपेक्षा काकणभर जास्त आहे असे मला दिसून आले. म्हणून सगळे लाकडी सामान दोघांना निम्मे-निम्मे. माहेरचा पलंग, एका बाजूच्या दोन्ही खुरांवर दात. देव्हाऱ्याखालचे स्टूल, पुढची पट्टी नाही. कपाट धड आहे, ते लोखंडी आहे. खुर्ची धर्मराजने घ्यावी. दुरुस्त करू नये, आहे तशी बैठकीत ठेवावी, आणि कोणी विचारले तर खरे सांगावे. खोटे बोलणाऱ्या पुढाऱ्याला लोक विसरतात, खरे बोलणाऱ्याला विसरत नाहीत.

(आ) बँकेत जे निघेल त्यातून शहादेवच्या सोफ्याला नवीन कापड घालावे. उरेल ते नातवंडांना. पाटल्या सूनबाईंना, शहादेवच्या. ती त्या दिवशी मला बोलली असती तरी चालले असते.

(इ) दुधाची मापे, कॅन आणि संस्थेची पाटी उत्तरेश्वरला. तो आमच्या संस्थेत दूध मोजायचा. चेअरमन कोणीही असो, त्याने कोणाचे माप कमी भरले नाही.

(ई) घर दोन्ही मुलांना समान. मात्र पुढची रस्त्याकडची खोली आणि अंगण यात छबुबाईने तिच्या हयातीपर्यंत राहावे आणि चेरमनला सांभाळावे. कमरेमुळे तिला आता ऊस तोडवत नाही, हे ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते. छबुबाई आणि कुत्रे असेपर्यंत घर विकता येणार नाही. छबुबाई पाडव्याला आली तेव्हा मी ठेव परत करायला निघाले होते. कुत्रे माझ्या दारातून हलेना. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काकू, त्यानं घर बगून ठिवलंय." तिने मोठ्या मनाने ते दिले. तिलाही घर असावे.

(उ) घराच्या मुख्य दाराच्या उजव्या चौकटीवर खालच्या बाजूला ज्या ताज्या खुणा आहेत, त्या कुत्र्याच्या समजू नयेत. त्या माझ्या विळीच्या आहेत.

कलम ९. वरील खुणांचा खुलासा असा. चेरमनचे सगळे दात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आले. त्यानंतर त्याने लाकडाला तोंड लावलेले नाही. घोंगडीसारखा पडून असतो. पण दात आले की न्यायला येतो, असे दोन्ही मुलांनी सांगून ठेवले आहे, आणि शब्दाला ती पक्की आहेत. म्हणून मे महिन्यात शहादेव सुट्टीत बघायला येणार असे कळले तेव्हा मी आदल्या दिवशी विळी घेऊन बसले. त्याने चौकट बघितली आणि म्हणाला, "अजून चावतंय का हे, बाई?" मी म्हणाले, "लई." तो एकटाच परत गेला.

मुलांनो, हे तुम्ही वाचाल तेव्हा मी गेलेली असेन. मी तुमच्यावर रुसून इथे राहिले असे मनात आणू नका. तुम्ही दोघांनी मला टाकले नाही, मला न्यायला आलात, पुन्हा येणार होतात. तुमच्याकडे माझे काही वाईट झाले नसते. मला फक्त माझ्या दारात बसायचे होते, आणि हे सरळ सांगितले तेव्हा तुम्हाला ऐकू आले नाही.

कलम १०. माझे दहाव्याचे नेहमीप्रमाणे करावे. तेराव्याला पंगती उठवू नयेत, गावाला टँकरचे पाणी आहे. पिंडाला कावळा शिवत नसेल तर उगाच मोठमोठी वचने देत बसू नये. कुत्रे जेवले आहे का ते बघावे.

वरील सर्व मी वाचून दाखवत असताना पुढील प्रकार घडला. वकील म्हणतात याची गरज नाही, मला आहे असे वाटते.

साक्षीदार म्हणून राधाकिशनराव आणि उत्तरेश्वर ओसरीवर बसले होते. उत्तरेश्वरने मापे-पाटी मिळणार असेल तर आपण साक्षीदार व्हायचे का, असे विचारले. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने शक्यतो होऊ नये. तेव्हा तो उठून पायरीवर बसला आणि त्याच्या जागी रस्त्याने चाललेल्या धोंडीराम मास्तरांना बोलावून बसवले. मास्तर गावच्या शाळेतून निवृत्त झालेले आहेत. एवढ्यात धर्मराजचा फोन आला. उन्हाने फोन तापतो म्हणून मी तो कानाला न लावता मोठ्या आवाजावर ठेवते, त्यामुळे सगळ्यांनी ऐकले.

"बाई, तिकडं पान्याचे लई हाल हायेत म्हनं. मी परवा गाडी घिऊन येतो. आता दात आले असतील की त्याचे?"

चेरमन माझ्या पायाशी तोंड वासून झोपला होता. सगळे दात दिसत होते.

मी म्हणाले, "न्हाई रं. अजून चावतंय."

"आता न्हाई चावत, बाई. मी डॉक्टरला इचारलं. सहा-सात महिन्यांत सगळे येत्यात. शहादेवबी म्हनतो, तू उगं..." इथे तो थांबला. मग म्हणाला, "खरं सांग. तुला यायचंच न्हाई का?"

व्हय म्हणावे तर लेकाला लागणार, न्हाई म्हणावे तर परवा गाडी येणार. मास्तर छताकडे बघू लागले. उत्तरेश्वरला खोकला आला. तेव्हा राधाकिशनरावांनी हात पुढे करून फोन घेतला. सुंदररावांच्या मुलांशी ते निवडणुकीपासून बोललेले नव्हते.

"धर्मराज, मी राधाकिशन बोलतोय. कुत्रं चावतंय. काल माजी काठी खाल्ली त्यानं, पार बुडापतुर. तू गाडी आनू नगस, सीट फाडल. पान्याचं मी बगतो, माझ्या बोरला अजून पानी हाय, रोज दोन घागरी हितं येतेल. आन तुज्या आईजवळ मी रोज सकाळी बसतो. काय झालं तर आदी तुलाच कळवीन. ठिवू का?"

मग धर्मराज म्हणाला, "बरं, काका." त्याने त्यांना काका म्हटलेले मी पहिल्यांदा ऐकले.

राधाकिशनरावांची काठी खांबाला टेकून उभी होती, वरपासून खालपर्यंत धड. त्यांनी पेन मागितला. वकील म्हणाले, साक्षीदाराने खरे तेच नमूद करायचे असते. राधाकिशनराव म्हणाले, "मग लिवा, चेरमनला दात यायचेत," आणि सही केली.

मृत्युपत्र लिहून ठेवणार: वत्सलाबाई भ्र. सुंदरराव गव्हाणे (सही)

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार १: राधाकिशन पि. भगवानराव (सही), माजी चेअरमन
साक्षीदार २: धोंडीराम पि. मारुती (सही), निवृत्त शिक्षक

ठिकाण: खडकवाडी, माझ्या घराची ओसरी
दिनांक: २ जून २०१६, गुरुवार